पाते ‘तेवढे’ वाकले

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान विमानाच्या दुर्घटनेची बातमी आपल्याकडे बहुधा एका ठरलेल्या वाक्याने संपते: सुदैवाने कोणी जखमी नाही, विमानाच्या पंख्याचे पाते तेवढे वाकले. कोणी जखमी नाही हे उत्तमच. आमची हरकत त्या ‘तेवढे’ला आहे. दोन-चार आसनी विमानांच्या देखभालीत असलेल्या माणसाला पाते वाकल्याचे कळले की आधी पात्याची चिंता वाटत नाही, पात्यामागच्या इंजिनाची वाटते. चंद्रपूरजवळ मोरवा, गोंदियाजवळ बिरसी, अमरावतीजवळ बेलोरा ही नावे आता वैमानिक प्रशिक्षणाच्या संदर्भात वरचेवर वाचायला मिळतात. म्हणून हा विषय एकदा नीट मांडावा असे वाटले.

नागपुरात मार्च लागला की कूलर खाली उतरतात. ताट्या बदलतात, पंपाला पाणी दाखवले जाते, आणि पंख्याचे एखादे पाते वाकडे दिसले तर मिस्त्री विटेवर ठेवून दोन ठोके मारतो. पाते सरळ होते, उन्हाळा निघून जातो. कूलरला हे चालते. विमानाच्या पात्याला हातोडी लागली की ते पाते भंगारात काढायचे, इतका साधा हिशेब आहे.

कारण आकड्यांत आहे. शिकवणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेसना 172 एस विमानाचा प्रोपेलर (पंखा) टोकापासून टोकापर्यंत 76 इंच, म्हणजे 1.93 मीटर. इंजिनाची कमाल गती मिनिटाला 2700 फेरे. या गतीला पात्याचे टोक सेकंदाला सुमारे 273 मीटर, ताशी 980 किलोमीटरच्या घरात धावते. त्या टोकाशी असलेला एकेक ग्रॅम धातू जवळजवळ 8 किलोच्या जोराने बाहेर ओढला जातो, आणि अख्ख्या पात्याचा बुंध्यावरचा ओढा दहा टनांच्या पलीकडे जातो. तासाभरात 1 लाख 62 हजार फेरे होतात, आणि या सगळ्या वेळात इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर पाते थरथरत असते.

आता अशा पात्याच्या पुढच्या कडेवर खड्याने गव्हाच्या दाण्याएवढी खाच पाडली असे समजा. इतवारीत कापड फाडून घेताना पाहा: दुकानदार आधी काठाला कात्रीने बारीक चीर देतो, मग दोन हातांनी ओढतो आणि कापड सरळ रेषेत फाटत जाते. चीर नसेल तर तेच कापड तो फाडू शकत नाही. खाचेच्या तळाच्या अणकुचीदार टोकाशी ताण गोळा होतो, तिथून केसाएवढा तडा निघतो आणि तासागणिक आत सरकतो. बहुतेक वेळा पाते टोकाकडच्या काही इंचांत तुटते. तुटलेला तुकडा गेल्यावर उरलेला प्रोपेलर इतका असमतोल होतो की इंजिन आपल्या माउंटवरून (बैठकीवरून) उखडू शकते.

त्यामुळे खाच दिसली की ती काढायची, तीही पुढच्या उड्डाणाच्या आधी. हे काम परवानाधारक एएमईचे (विमान देखभाल अभियंत्याचे), आणि त्याची नोंद प्रोपेलरच्या नोंदवहीत झालीच पाहिजे. काम तसे तासाभराचे. आधी पाते पुसून पुढच्या कडेवरून कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे खाच किंवा उठलेली कड आहे. डोळ्यांना न दिसलेले कापूस दाखवतो, आणि कापसाला विदर्भात तोटा नाही. मग बारीक दाताच्या गोल कानशीने खाचेच्या तळापासून दोन्ही बाजूंना धातू उतरवत न्यायचा. खाच भरायची नसते, तिला पसरट, उथळ दरी करायची असते. दरीची लांबी खाचेच्या खोलीच्या किमान दहापट हवी, आणि खाच कडेवर नसून पात्याच्या पुढच्या वा मागच्या पृष्ठावर असेल तर वीसपट. म्हणजे कडेवरची 2 मिलिमीटर खोल खाच 20 मिलिमीटर लांबीत विरवायची, आणि पृष्ठावरच्या 1 मिलिमीटरलाही तेवढीच लांबी द्यायची. कडेचा मूळ गोलवा टिकला पाहिजे. कड सपाट झाली तर वारा तिथे फाटतो, टोकदार झाली तर पुढचा खडा तिथेच बसतो.

कानशीच्या रेघा ठेवून काम संपवणारे लोक पाहिले की वाईट वाटते, कारण प्रत्येक रेघ ही नवी खाच असते. एमरी कापड, नंतर क्रोकस कापड, आणि रेघा मारायच्या त्या पात्याच्या लांबीच्या दिशेने, आडव्या नव्हे. मग दहापट भिंगाखाली पाहायचे. शंका उरली तर डाय पेनिट्रंट: लाल द्रव लावायचा, डब्यावर सांगितलेला वेळ थांबायचे, पुसायचे, पांढरी भुकटी फवारायची. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तडा निघाला की दुरुस्तीचा विषय संपला, पाते बाद. तडा नसेल तर उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर अ‍ॅलोडाइन या गंजरोधक रसायनाचा थर आणि त्यावर उत्पादकाने मान्य केलेला रंग. रंगाशिवाय सोडलेला भाग पावसाळ्यात पांढरट पुळ्या धरतो. हौसेने पात्यावर चिकटवलेल्या स्टिकरखालीही हाच गंज बसतो, आणि तिथे तो दिसत नाही.

चार गोष्टी कधीच करायच्या नाहीत. हातोडीने किंवा पंचाने खाच दाबून ‘बुजवायची’ नाही, कारण धातू वरून मिटतो आणि तडा आत जिवंत राहतो. एम-सीलसारखी लुगदी भरून वर रंग मारायचा नाही. पात्याच्या रुंदीवर एकाच आडव्या रेषेत दुरुस्त्या जुळू द्यायच्या नाहीत, कारण तिथे पात्याचा छेद सगळीकडून बारीक होतो. आणि एका पात्याचे टोक घासून आखूड केले तर दुसरे तसेच ठेवायचे नाही. त्यालाही मर्यादा आहे. वर सांगितलेल्या 76 इंची प्रोपेलरचा किमान मान्य व्यास 75 इंच आहे, म्हणजे एका टोकाला अर्धाच इंच. हे टोक कापण्याचे काम हँगरमध्ये होत नाही, मान्यताप्राप्त प्रोपेलर शॉपमध्येच होते.

खाचेचा विषय इथवर. आता वाकलेल्या पात्याकडे येऊ, कारण मोठी चूक तिथे होते.

पाते जमिनीला, दिव्याच्या खांबाला, टो-बारला (विमान ओढायच्या दांड्याला) किंवा चिखलाला लागते तेव्हा फिरणारे सगळे वजन क्षणात अडते, पण मागे क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) अजून पुढे जायचे असते. तो पीळ शाफ्टच्या मागच्या टोकापर्यंत पोचतो. लायकमिंग कंपनीच्या इंजिनात (172 एसचे इंजिन याच कंपनीचे) तिथे एक दातेरी चक्र आहे. ते एका डॉवेल पिनीवर टेकलेले असते आणि मधोमध एकाच बोल्टने धरलेले असते. बोल्ट सुटू नये म्हणून एक पातळ लॉक प्लेट दुमडलेली असते. याच चक्रावरून कॅमशाफ्ट (झडपा चालवणारा दांडा), दोन्ही मॅग्नेटो (ठिणगी देणारी यंत्रे) आणि तेलाचा पंप चालतो. धक्क्याने पिनीला चीर गेली किंवा बोल्ट ताणला गेला तरी इंजिन त्या दिवशी सुरळीत चालते. आवाज तोच, तेलाचा दाब तोच. पुढे कितीतरी तास असेच जातात, आणि मग एका उड्डाणात बोल्ट तुटतो. तेव्हा ठिणगी, झडपा आणि तेल एकदमच थांबतात. विमानाला दोन मॅग्नेटो दिलेले असतात ते एक गेला तर दुसरा असावा म्हणून. इथे दोघांचा आधार एकच बोल्ट आहे.

म्हणूनच अमेरिकी नियामकाचा 2004-10-14 या क्रमांकाचा निर्देश आहे: लायकमिंग इंजिनाच्या प्रोपेलरला आघात झाला तर हे चक्र, त्याची बैठक आणि पीन तपासायची, बोल्ट आणि लॉक प्लेट नवीनच घालायचे. मूळ देशाचे असे निर्देश आपल्या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांनुसार इथेही पाळावे लागतात. कंपनीचे 533 क्रमांकाचे सर्व्हिस बुलेटिन याहून पुढे जाते. कानशीने काढता येण्याजोग्या किरकोळ खाचेपलीकडे प्रोपेलरला दुरुस्ती लागली, तर इंजिन चालू होते की बंद याला महत्त्व नाही, तो आघातच धरायचा. उभ्या विमानाला ट्रॅक्टर धडकला आणि पाते वाकले, तरी आघात. पाण्यात, उंच गवतात किंवा तसल्याच मऊ वस्तूत पाते शिरून फेरे एकदम पडले, तर पात्यावर ओरखडा नसला तरी आघात.

विदर्भातल्या माणसाने हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. पावसाळ्यात टॅक्सी-वेची डांबरी कड सोडून नाकाचे चाक काळ्या मातीत गेले की ते वीतभर रुतते. विमान नाक खुपसते, पाते चिखलात दोन-चार घास घेते आणि इंजिन बंद पडते. सगळे मिळून विमान मागे ओढतात, पाते धुतात, एकही खाच नाही, पाते सरळ. ‘माती मऊ होती म्हणून वाचलो,’ असे म्हणून लगेच स्टार्टर दाबला जातो. पाते वाचले ते माती मऊ असल्यामुळे, हे खरे. पण इंजिन क्षणात शून्यावर आले, आणि तो धक्का पात्याने नव्हे, त्या एका बोल्टने खाल्ला. क्रँकशाफ्टच्या फ्लँजला (प्रोपेलर बसतो त्या तबकडीला) डायल गेज लावून ‘शाफ्ट सरळ आहे’ म्हणणेही पुरेसे नाही. गेज पुढचे टोक पाहते, बोल्ट मागे आहे.

आघात झाला तर जागेवर काय करायचे? मिक्श्चर (इंधन-हवेचे मिश्रण) बंद, मॅग्नेटो बंद, किल्ली काढून खिशात, मास्टर (विजेचा मुख्य खटका) बंद, इंधनाचा कॉक बंद, चाकांना ठोकळे. किल्ली काढली तरी पाते चालूच आहे असे समजूनच त्याच्या जवळ जायचे, कारण मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटली असेल तर हाताने फिरवलेले पातेही इंजिन सुरू करू शकते. मग फोटो काढा: पाते जसे आहे तसे, शेजारी पट्टी धरून. जमिनीवर पात्याने ओढलेल्या रेघांचेही काढा, त्यांच्यातले अंतर मोजा. पाते मागे वाकले असेल तर बहुधा इंजिनात जोर नव्हता, टोक पुढे मुडपले असेल आणि पृष्ठावर आडवे ओरखडे असतील तर जोर होता. हे पुढे एएमईला, विमा सर्वेक्षकाला आणि तपास करणाऱ्याला लागते. वैमानिकाने त्या क्षणी काट्यावर किती आरपीएम (मिनिटाला फेरे) होते आणि ते पडले का, हे लगेच लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी आठवण सोयीची होते.

आणि पाते सरळ करायचे नाही. हँगरमध्ये न्यायला अडते म्हणून नाही, पेटीत बसत नाही म्हणून तर नाहीच. वाकलेले पाते वाचवता येते की नाही हे शॉपमध्ये ठरते: बुंध्यापासून किती अंतरावर किती अंश वाकले आहे, हे तक्त्याशी ताडून. कोणी आधीच ते गुडघ्यावर सरळ केले तर मूळ कोन कायमचा हरवतो आणि शॉप ते पाते नाकारते.

शॉप निवडताना एक गोष्ट लोक हमखास विसरतात. मिहानमध्ये बोइंग उघडली जातात, मग आपल्या सेसनाचे पाते तिथेच होईल, हा समज चुकीचा. दुरुस्ती संस्थांना मिळणारी डीजीसीएची सीएआर-145 मान्यता वर्गवार असते. प्रोपेलरसाठी मान्यतापत्रात सी-16 लागते, पिस्टन इंजिनासाठी बी-2. फोन करताना ‘तुम्ही विमाने दुरुस्त करता का’ असे न विचारता हे दोन वर्ग आणि आपल्या प्रोपेलरचे मॉडेल सांगून विचारा. पाठवताना लाकडी पेटीत वजन मधल्या हबवर पेलले जाईल असे ठोकळे द्या, टोके मोकळी आणि गुंडाळलेली. प्रोपेलरची नोंदवही सोबत पाठवा.

तिकडे रंग उतरवून पेनिट्रंट किंवा एडी करंटने तपासणी होते, ठरलेल्या अंतरांवर पात्याची रुंदी, जाडी आणि कोन मोजतात, समतोल साधतात. इकडे इंजिन उतरवून क्रँककेस उघडायची. क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड मॅग्नेटिक पार्टिकलने तपासायचे. मॅग्नेटोही त्याच धक्क्यात सापडलेले असतात. इंजिन माउंटच्या नळ्यांचे जोड आणि रबरे पाहायची, फायरवॉलला (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीला) सुरकुती पडली आहे का तेही पाहायचे.

परत बसवताना बोल्ट मॅन्युअलच्या टॉर्कला, सेफ्टी वायर घट्ट होण्याच्या दिशेने. मग ट्रॅक, म्हणजे दोन्ही टोके एकाच वाटेने फिरतात का, ते तपासा. चाकांना ठोकळे, प्रत्येक सिलिंडरचा एक स्पार्क प्लग काढलेला, एका पात्याच्या टोकापासून पाव इंचाच्या आत लाकडी ठोकळा जमिनीवर पक्का. हाताने पाते फिरवून दुसरे टोक त्याच ठोकळ्यापाशी आणा. सहा फुटांपर्यंतच्या धातूच्या प्रोपेलरला दोन टोकांत 1.6 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. नंतर विमान जागेवरच उभे ठेवून पूर्ण थ्रॉटलवर आरपीएम पाहा. 172 एसला ते 2300 ते 2400 यावे. नागपूरच्या मे महिन्यात 45 अंशांना इथली हवा पाच हजार फुटांवरच्या प्रमाणित हवेइतकी विरळ होते, त्यामुळे वाचन घेताना तापमान लिहून ठेवा. नाहीतर जानेवारीच्या आकड्याशी तुलना करून उगाच गोंधळ होतो. शेवटी डायनॅमिक बॅलन्सिंग (इंजिन चालू ठेवून समतोल साधणे): कंपन सेकंदाला 0.2 इंचाच्या आत आलेच पाहिजे, त्याहून बरेच खाली आणता येते.

लाकडी प्रोपेलरबद्दल थोडेच. मे महिन्यात लाकूड आकसते, जुलैत फुगते, म्हणून ऋतू पालटला की बोल्टचा टॉर्क पुन्हा पाहायचा आणि विमान उभे करताना पाती आडवी ठेवायची. उभी ठेवली तर ओल खालच्या पात्यात उतरते.

बरीचशी नुकसानी टाळता येण्यासारखी असते. गिट्टी किंवा मुरूम असलेल्या जागी उभे राहून 1800 फेऱ्यांची मॅग्नेटो चाचणी घेतली की पात्याखाली वावटळ तयार होते आणि ती खडे उचलून थेट पात्यावर मारते. चाचणी झाडलेल्या काँक्रीटवरच घ्या. कच्च्या पट्टीवरून उडायचेच असेल तर थ्रॉटल हळूहळू पुढे न्या, आधी विमान चालू लागू द्या, मग फेरे वाढवा. खडे मागे उडतात. टो-बार विमानाला लावून ठेवून त्याला कोणी पाठ करू नये. हात सुटला की तो काढलेलाच असला पाहिजे. नाकाच्या चाकाचा स्ट्रट (धक्के शोषणारा दांडा) बसला असेल आणि चाकात हवा कमी असेल तर पाते जमिनीच्या धोकादायक जवळ येते. नियमाने नाकाला चाक असलेल्या विमानाला किमान 7 इंच अंतर लागते, पण ते स्ट्रट आणि चाक ठीक असताना. 172 एसच्या नाकाच्या चाकात 45 पीएसआय हवा असते. गेज लावूनच पाहावी, बुटाने दाबून कळत नाही. आणि उतरताना विमानाने बेडूकउड्या सुरू केल्या तर दांडा पुढे ढकलून विमान ‘बसवण्या’पेक्षा थ्रॉटल देऊन पुन्हा वर जावे. पाते बहुधा तिसऱ्या उडीला लागते. उड्डाणानंतर पाती तेलाच्या ओलसर फडक्याने पुसली की किडे निघतात आणि खाचाही हाताला लागतात.

कायद्याबद्दलही गैरसमज आहे. विमान अपघातांच्या तपास नियमांतल्या व्याख्येनुसार नुकसान फक्त प्रोपेलरपुरते असेल तर तो ‘अपघात’ ठरत नाही. त्यावरून काही मालक कळवायचेच टाळतात. अपघात नसला तरी ती घटना असते, आणि घटना कळवावी लागते. शिवाय नोंद नसलेला आघात विमानाबरोबर पुढच्या मालकाला विकला जातो. जुने विमान घेताना प्रोपेलर बदलल्याची तारीख आणि इंजिन उघडल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून वाचावी. पहिली आहे आणि दुसरी नाही, तर का ते विचारावे. विमा पॉलिसीतही हेच कलम शोधावे: पात्याचा खर्च मिळेल, पण आघातानंतर इंजिन उघडण्याचा मिळेल का? पुष्कळदा वाद तिथेच होतो.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी ‘पाते तेवढे वाकले’ असे कोणी सांगितले तर तीन प्रश्न विचारावेत. इंजिन चालू होते का? आरपीएम पडले का? इंजिन उघडून ते चक्र तपासले का? तिसऱ्याचे उत्तर त्या दिवशी मिळणार नाही. महिन्याने पुन्हा फोन करावा, आणि जे मिळेल ते छापावे.

आपले,
लहान विमानांच्या देखभालीतील काही परवानाधारक अभियंते,
नागपूर